काटोलच्या वंदनाची नळी

छातीतून नळी बाहेर आलेली मुलगी मी पहिल्यांदा पाहिली, तेव्हा मला नोकरीत एकोणीस वर्षं झाली होती. रामदासपेठेतल्या एका खाजगी इस्पितळात मी सीनियर सिस्टर होते. भाजलेले, कापलेले, साप चावलेले, विहिरीतून काढलेले, सगळे पाहून झाले होते. आता आपल्याला धक्का बसेल असं काही उरलेलं नाही, असं मी नव्या पोरींना सांगतसुद्धा असे.

संपादकांनी नोकरीतल्या गमतीजमती लिहा म्हणून कळवलं आहे. गमती पुष्कळ आहेत. पण कागद पुढं घेतला की वंदनाच आठवते, आणि तिच्याबद्दल मी आजवर कुठं लिहिलेलं नाही. तेव्हा तेच लिहिते.

आमच्या कामातली एक गोष्ट आधी सांगायला हवी. सलाइन लावायचं, रक्त द्यायचं, तर शीर सापडावी लागते. त्या काळी सुया स्टीलच्या, उकळून पुन्हा पुन्हा वापरायच्या. बोथट सुई आणि बारीक शीर, म्हणजे पेशंटचे हाल. एकच सुई दोन-तीन दिवसांवर टिकत नसे. हात सुजायचा, मग दुसरा हात, मग पाय. कधी कधी घोट्याशी चीर देऊन शीर उघडी करावी लागे. मला शिरा पटकन सापडत. दुसऱ्या वॉर्डातूनही मला बोलावणं यायचं. त्याचा मला फार अभिमान होता, आणि तो मी लपवत नसे.

ऐंशीच्या दशकाच्या मध्यावरची गोष्ट. जानेवारीतल्या एका सकाळी आमच्या डॉक्टरांनी मला साइडरूममध्ये बोलावलं. पलंगावर बावीस-तेवीस वर्षांची मुलगी बसली होती. डोक्यावर केस नाहीत, स्कार्फ बांधलेला, तोंडावर मास्क. जवळ तिची आई आणि मोठा भाऊ. काटोलकडची मंडळी, संत्र्याची बाग असलेली. मुलीचं नाव वंदना गावंडे. डी.एड. होऊन शाळेत लागली आणि चार महिन्यांत रक्ताचा कॅन्सर निघाला.

"सिस्टर, हिचं ड्रेसिंग उघडा," डॉक्टर म्हणाले.

मी उघडलं. उजव्या बाजूला, गळ्याच्या हाडाच्या चार बोटं खाली, कातडीतून पांढरी रबरी नळी बाहेर आली होती. पेन्सिलीच्या शिशाहून थोडी जाड. टोकाला टोपण, मध्ये एक चिमटा. वीतभर नळी कापसाच्या घडीवर वेटोळं करून ठेवलेली. टाके नाहीत, सूज नाही, रक्त नाही. जणू ती तिथंच उगवली होती.

मी हात मागं घेतला. वंदनाच्या ते लक्षात आलं.

"घाबरल्या का सिस्टर?" ती मास्कमधून म्हणाली. "चावत नाही ते."

डॉक्टरांनी मला समजावून सांगितलं. मुंबईच्या एका मोठ्या इस्पितळात वंदनाच्या हाडांतला सगळा मगज औषधांनी जाळून टाकला होता आणि तिच्या भावाचा, प्रकाशचा, मगज काढून तिला दिला होता. रक्त मगजात तयार होतं. प्रकाशचा मगज तिच्या अंगात रुजला होता, पण काम अजून सावकाश करत होता. तिला महिनोन्महिने औषधं, रक्त लागणार. रोज सुया टोचत बसलं तर चार दिवसांत शिरा संपतील. म्हणून ही नळी. कातडीखालून जाऊन गळ्याजवळच्या मोठ्या शिरेत शिरते आणि हृदयाच्या तोंडाशी तिचं टोक असतं. कातडीखाली नळीवर एक कापडी पट्टा असतो. त्यात मांस रुजतं आणि नळी पक्की होते. सहा महिनेसुद्धा राहते.

"आणि ही मुलगी घरी राहणार आहे," डॉक्टर म्हणाले.

"नळीसकट?"

"नळीसकट. हिच्या अंगात रोगाशी लढायची ताकद नाही. आपल्या वॉर्डात ठेवली तर आपला वॉर्डच हिला मारेल."

एकोणीस वर्षं मी लोकांना दवाखान्यात भरती व्हा म्हणून समजावत आले होते.

मुंबईहून दोन टाइप केलेली पानं आली होती. रोज नळीतून औषध द्यायचं. नंतर रक्त गोठू न देणाऱ्या औषधाचं पाणी भरून नळी बंद करायची. टोपण काढण्याआधी चिमटा लावायचाच, नाहीतर हवा आत जाईल आणि जीव जाऊ शकतो. दिवसाआड ड्रेसिंग. कच्चं फळ नाही, ताजी फुलं नाहीत, भेटायला माणसं नाहीत. आणि शेवटी ठळक अक्षरात: नळीजवळ कात्री कधीही वापरू नये.

घरच्यांना पंधरा दिवसांत हे शिकवायचं काम माझ्याकडं आलं. मी साहजिकच प्रकाशला निवडलं. तो बी.एस्सी. झालेला, इंग्रजी वाचणारा. आई इंदिराबाई पन्नाशीच्या, सही करण्यापुरतं लिहिता येणाऱ्या. त्या कोपऱ्यात उभ्या राहून पाहायच्या.

चौथ्या दिवशी प्रकाशनं हात धुतले, सिरिंज भरली आणि टोपणाला हात घातला. माझं लक्ष सिरिंजकडं होतं.

"काहून गा प्रकाश," कोपऱ्यातून आवाज आला. "चिमटा नाही लावला तुनं."

प्रकाशचा हात जागच्या जागी थांबला. चिमटा खरंच उघडा होता. मी जवळ उभी होते आणि मला दिसलं नव्हतं.

त्या दिवसापासून मी इंदिराबाईंना शिकवायला घेतलं. मी त्यांना काकू म्हणायला लागले. त्यांनी सगळं तीन दिवसांत उचललं. घरी त्या प्रेशर कुकरात सिरिंजा, कापूस, जादा चिमटा उकडून घेणार होत्या. तो कुकर त्यांनी नवा घेतला आणि त्यात कधी डाळ शिजवायची नाही असं घरात सांगून ठेवलं. सिरिंजमधला बारीकसा बुडबुडाही त्या उजेडाकडं धरून टिचकी मारून काढायच्या.

जानेवारी संपताना मंडळी काटोलला गेली. दर गुरुवारी मी एस.टी.नं जायचं, नळी पाहायची, रक्ताचा नमुना आणायचा, असं ठरलं. त्यांनी वंदनासाठी वरची खोली चुना देऊन रिकामी केली होती. एक पलंग, एक टेबल, खिडकीला जाळी. खाली अंगणात मृगाच्या बहराची संत्री पेट्यांत भरली जात होती. सगळं घर त्या वासानं भरलेलं, आणि वंदनाला एक फोड खायची परवानगी नव्हती.

"सिस्टर, वासानं काही होत नाही ना?" ती मला विचारायची. "का तेही त्या पानात लिहिलं आहे?"

फेब्रुवारीत मला दुसरा धक्का बसला. वंदनाला रक्त द्यायचं होतं. आमच्या जुन्या कागदावर तिचा गट बी. आणि नव्या नमुन्याचा गट आला ओ. मी थेट लॅबमध्ये गेले आणि तिथल्या माणसाला सगळ्यांसमोर झापलं. नमुने बदलले म्हटलं, माणूस मरेल म्हटलं. तो बिचारा तीनदा तपासून तेच सांगत होता. शेवटी डॉक्टरांकडं गेले, तर ते शांतपणे म्हणाले, "बरोबर आहे. प्रकाशचा गट ओ आहे. आता तिच्या अंगात त्याचं रक्त बनतंय."

मी खुर्चीत बसले. माणसाचा रक्तगट बदलू शकतो, हे मला कुठल्या पुस्तकात कोणी शिकवलं नव्हतं. लॅबवाल्याची मी माफी मागितली. काटोलला ही बातमी सांगितली तेव्हा वंदना प्रकाशकडं पाहून म्हणाली, "म्हणजे आता मीपण तुझ्यासारखी गणितात नापास होणार." प्रकाश हसला आणि जिन्यात जाऊन रडला.

आता एप्रिलमधला तो गुरुवार.

काटोलला ऊन असं की एस.टी.च्या खिडकीची दांडी धरवत नव्हती. मी पोचले तेव्हा उशीर झाला होता आणि परतीची गाडी चुकवायची नव्हती. वंदना पलंगावर आडवी होती. घामानं तिच्या छातीवरचा प्लास्टर घट्ट चिकटला होता. काकू तो स्पिरिटच्या बोळ्यानं भिजवून कडेकडेनं सोडवायच्या. त्याला पंधरा-वीस मिनिटं लागत.

"मी करते काकू," मी म्हटलं.

माझ्या पिशवीत माझी कात्री होती. वॉर्डात रोज दहा वेळा वापरायची. मी प्लास्टरची कड उचलली आणि कात्री आत सरकवली. त्या खोलीत कात्री न्यायची नाही हे मीच शिकवलं होतं. मला ते आठवत नव्हतं असं नाही. आपल्या हातून काही होणार नाही, एवढंच मनात होतं.

कात्री मिटताना जरा अडली. कापसाला अडते तशी नाही. मी दाबली.

पांढऱ्या कापसात पांढरी नळी होती. तिचा टोपणाकडचा भाग चिमट्यासकट माझ्या हातात आला. अंगाकडचं चार बोटांचं टोक उघडं पडलं, आणि त्यातून काळपट रक्त वंदनाच्या कुशीकडं वाहायला लागलं.

मला सगळं माहीत होतं. काय करायचं, किती लवकर करायचं, हवा गेली तर काय होतं, सगळं. आणि मी हातात तो तुकडा धरून उभी राहिले. किती वेळ, सांगता येणार नाही. दोन श्वासांपुरता असेल. त्या दोन श्वासांत मी काहीही केलं नाही.

काकूंनी माझ्या हाताखालून हात घातला, ते टोक दुमडलं आणि दोन बोटांत आवळून धरलं. रक्त थांबलं.

"पोरी, हालू नको," त्या वंदनाला म्हणाल्या. मग मला, "सिस्टर, दुसरा चिमटा कुकरात आहे. तो आना."

मी जिना उतरून गेले, कुकर उघडला, चिमटा आणला, लावला. काकूंची बोटं तोवर जराही हलली नव्हती. वंदना छताकडं पाहत होती. "काय झालं?" असं तिनं एकदाही विचारलं नाही.

प्रकाशनं एका व्यापाऱ्याची जीप आणली. काटोल ते नागपूर सगळा रस्ता वंदना मागच्या बाकावर आडवी होती आणि काकू खाली बसून, चिमटा लावलेला असतानाही, ते टोक बोटांत धरून होत्या. मी जीपमध्ये मनाशी वाक्य तयार करत होते: डॉक्टर, माझ्याकडून चूक झाली.

इस्पितळात डॉक्टरांनी ड्रेसिंग उचलून पाहिलं. "हे कापलं आहे," ते म्हणाले. "कोणी कापलं?"

मी तोंड उघडलं.

"माह्याच हातानं झालं डाक्टर," काकू म्हणाल्या. "पट्टी चिकटली होती. कात्री लावली म्या."

डॉक्टरांनी माझ्याकडं पाहिलं. मी मान खाली घातली. मी काहीच बोलले नाही. इतकी वर्षं झाली तरी ते गप्प राहणं मला कात्रीपेक्षा जास्त आठवतं.

डॉक्टरांनी बोथट केलेली बारीक सुई त्या टोकात सरकवली, रेशमी दोऱ्यानं बांधली आणि नळी तात्पुरती चालू केली. मुंबईला ट्रंककॉल लावला. दुरुस्तीचा तुकडा दुसऱ्या दिवशी विमानानं येणाऱ्या एका प्रवाशाबरोबर आला आणि जोडला गेला. नळी वाचली. पण डॉक्टरांनी केसपेपरवर लिहिलं की घरची काळजी सुरक्षित नाही. पेशंट इथंच राहील. आईनं नळीला हात लावायचा नाही.

वंदना साइडरूममध्ये, काकू बाहेर बाकावर. मी त्यांच्याजवळ जाऊन बसले.

"काकू, तुम्ही असं काहून बोलल्या?" माझ्या तोंडून त्यांचीच भाषा निघाली.

"तुमाले काढलं असतं तं काटोलले कोन आलं असतं?" त्या सरळ म्हणाल्या. "म्या तं आई आहे. मले कोठून काढतीन?"

त्यांनी हिशेब करून खोटं सांगितलं होतं. फक्त एक गोष्ट त्यांना माहीत नव्हती. आईलाही काढता येतं. ते डॉक्टरांनी केलं होतं, आणि ते थांबवणं माझ्या हातात होतं.

मी दोन दिवस थांबवलं नाही. ड्यूटीवर आले, गेले, वंदनाची नळी मीच भरली. तिनं माझ्याकडं पाहणं सोडलं होतं. तिसऱ्या दिवशी सकाळी तिला थंडी वाजून आली. थर्मामीटर लावला, तर ताप चांगलाच चढलेला होता. आपला वॉर्डच हिला मारेल, असं डॉक्टर जानेवारीत म्हणाले होते ते याचसाठी. शेजारच्याच खोलीत न्यूमोनियाचा पेशंट होता.

मी डॉक्टरांच्या खोलीत गेले आणि दार लावून घेतलं.

"कात्री मी लावली होती," मी म्हटलं.

त्यांना पटकन कळलंच नाही. मग कळलं.

"तीन दिवस," ते म्हणाले. "तीन दिवस मी त्या बाईला बाहेर बसवलं."

"हो."

"आणि तुम्ही पाहत होतात."

"हो."

ते ओरडले असते तर बरं झालं असतं. ते उठले, बाहेर गेले. मी मागून गेले. बाकाजवळ जाऊन ते काकूंना म्हणाले, "बाई, आत चला. मला सगळं समजलं आहे. मुलीजवळ बसा." काकूंनी माझ्याकडं पाहिलं. त्या नजरेत आभार नव्हते. काळजीच होती, की आता काटोलला कोण येणार.

केसपेपरवर मी माझ्या हातानं लिहिलं आणि सही केली. मुंबईहून सांगितलेली औषधं त्याच जोडलेल्या नळीतून सुरू झाली. पाच दिवस ताप उतरेना. नळी काढावी लागेल, आणि काढली तर औषध द्यायला शीर राहणार नाही, अशी वेळ आली होती. सहाव्या दिवशी अंग घामानं भिजलं आणि ताप उतरला तो पुन्हा चढला नाही. तो ताप कापलेल्या नळीतून आला की वॉर्डातून, हे कोणालाच सांगता आलं नाही. दोन्हींत माझा हात होता.

नोकरी जाईल असं मी धरूनच चालले होते. डॉक्टर म्हणाले, "काटोलला तुम्हीच जाल. त्या मुलीला आता घरी पाठवायचं आहे, आणि कात्री न नेणारी सिस्टर मला तुमच्याशिवाय दुसरी कोण मिळणार?"

वंदना घरी निघाली तेव्हा माझ्याशी पहिल्यांदा बोलली. "आईनं सांगितलं होतं, तोंड उघडायचं नाही. मी दोनदा उघडणार होते." मग म्हणाली, "तुम्ही उघडलं ते बरं केलं. पण उशीर केला."

पुढच्या गुरुवारी काकूंनी मला जिन्यातच थांबवलं. "पिशवी खाली ठेवा," एवढंच म्हणाल्या. मी ठेवली. मग त्या बोळा भिजवून पट्टी सोडवत बसल्या आणि मी वीस मिनिटं नुसती पाहत बसले. त्यानंतर प्रत्येक गुरुवारी तसंच.

मेच्या अखेरीस वंदनाचं रक्त आपलं आपण पुरेसं बनू लागलं. नळी काढायचा दिवस ठरला. डोक्यावर बोटभर केस आले होते, आधी सरळ होते ते आता कुरळे. डॉक्टरांनी जागा बधिर केली, कापडी पट्टा मोकळा केला आणि सावकाश ओढायला लागले. नळी येत राहिली. येतच राहिली. ट्रेमध्ये ठेवली तेव्हा हातभर लांब होती.

काकू ट्रेजवळ आल्या. "एवढी आत होती?"

"हो," मी म्हटलं.

"कुठवर?"

मी त्यांना माझ्या छातीवर बोट ठेवून दाखवलं. इथून वर, इथून आत, आणि इथं. हृदयाशी.

त्या खाली बसल्या. स्टूल होतं, तरी जमिनीवरच बसल्या. दोन्ही हात त्यांनी मांडीवर ठेवले, आणि ते हात थरथरत होते. जानेवारीपासून मी ते हात पाहत होते, रक्तात भिजलेले पाहिले होते, आणि थरथरताना आज पाहत होते.

तेव्हा मला समजलं, की त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. चिमटा लावा, हवा जाऊ देऊ नका, पोरीला त्रास होईल, एवढं मी शिकवलं होतं. प्रकाशला मी आकृती काढून दाखवली होती. काकू कोपऱ्यात होत्या, आणि आकृतीवरची नावं इंग्रजीत होती. पुढं त्यांना शिकवायला घेतलं तेव्हा मी फक्त कृती शिकवली. त्यांना वाटत होतं, नळी बोटभर आत असेल, कातडीखाली.

"मले काहून नाही सांगितलं सिस्टर?" त्यांनी विचारलं.

"तुम्ही घाबराल असं वाटलं."

वंदना पदर नीट करत पलंगावरून उतरली आणि आईजवळ येऊन उभी राहिली. काकूंनी हात एकमेकांत धरले, थरथर थांबेपर्यंत धरून ठेवले.

"घाबरलीच असती," त्या म्हणाल्या. "पन केलं असतं. माहीत असून केलं असतं."